अर्धा तास गुलाबी

माझे दोन उन्हाळे विहिरींत वाकून बघण्यात गेले. भर दुपारी ऊन सरळ खाली उतरतं, कपारीतली कबुतरं गप्प होतात आणि तळाशी परातीएवढं आभाळ दिसतं. त्या आभाळात जांभळ्या खड्यांची मूठ सोडली की पहिल्यांदा काहीच होत नाही. मग एकेक खडा मागे जांभळी रेघ ओढत बुडतो, रेघा एकमेकींत मिसळतात आणि बघता बघता आभाळ गुलाबी होतं. कबुतरं, कपारीतली नेची, आपलं स्वतःचं वाकलेलं तोंड, सगळं गुलाबी. आपण उभे आहोत की झोपलो आहोत याचा नीट पत्ता लागत नाही. तेवढ्यात शेजारी उभे असलेले सॅनिटरी इन्स्पेक्टर साहेब घड्याळाचं झाकण टपकन उघडत आणि मी जागा होई.

मी सांगलीच्या एका कॉलेजात रसायनाचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रोफेसर जे फळ्यावर करतात ते टेबलावर करून दाखवणारा, आणि ते फसलं तर फुटलेल्या नळ्या गोळा करणारा. बेचाळीसच्या गडबडीनंतरच्या उन्हाळ्यात कृष्णाकाठानं पटकी, म्हणजे कॉलरा, वर सरकू लागली. विहिरीत औषध टाकायला लोकल बोर्डाला माणसं कमी पडली. आमच्या प्रोफेसरांनी माझं नाव सुचवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमचं अजून लग्न झालेलं नाही." शास्त्रीय पात्रतेचा उल्लेख त्यांनी केला नाही.

औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. गावात त्याला 'लाल औशिद' म्हणत. काम सोपं होतं. पाणी गुलाबी होईपर्यंत औषध टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. रंग टिकला तर पाणी बरं. उडाला तर पाण्यात घाण आहे, ती औषधाला खाते आहे असं समजायचं आणि पुन्हा टाकायचं. तीन वेळा उडाला तर विहिरीच्या तोंडावर बाभळीचे काटे पडत.

त्या दिवसांत असलं सामान घेऊन हिंडणं धोक्याचंही होतं. उंब्रजला एका हवालदारानं माझी पिशवी उलटी केली. जांभळी बाटली उन्हात धरून म्हणाला, "हे पूल उडवायचं काय?" मी म्हटलं, पटकी घालवायचं. "मग पिऊन दाव." मी चिमटीतला एक कण तांब्याभर पाण्यात टाकला आणि घोट घेतला. चव म्हणाल तर जुनं कुलूप चाटल्यासारखी. हवालदार माझ्याकडे पाच मिनिटं टक लावून बघत बसला. मी उडालो नाही याचं त्याला थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं. मग उरलेल्या पाण्यानं त्यानं शांतपणे गुळण्या केल्या, कारण त्याची दाढ दुखत होती.

दुसरा प्रसंग एका संस्थानी गावातला. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मानी आहेत. तिथं औषध टाकण्याचा समारंभ होता. मांडव, सनई, चांदीचं घंगाळ. कारभारी साहेबांच्या हस्ते औषध विहिरीत पडायचं होतं. मी ते घंगाळात विरघळवून ठेवलं. पुरोहितांना ते पाणी नुसतं बघवेना. त्यांनी त्यावर ओंजळभर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. नंतर भाषण सुरू झालं. कारभारी साहेब स्वच्छतेवर बोलले, मग पाण्यावर, मग आपल्या घराण्यावर, आणि घराण्यावर आल्यावर त्यांना घाई उरली नाही. भाषण संपेपर्यंत घंगाळातलं जांभळं पाणी कढलेल्या चहासारखं झालं होतं. ते सनईच्या गजरात विहिरीत पडलं. टाळ्या झाल्या. सगळे जेवायला गेल्यावर मी माझ्या बाटलीतलं ताजं औषध गुपचूप टाकलं. त्या औषधाला सनई मिळाली नाही, पण गुलाबी झाली ती विहीर त्यानं.

पाकळ्यांनी नेमकं काय केलं, हे बाहेरच्या माणसाला सांगायचं तर थोडं आकड्यांत शिरावं लागेल. कॉलेजात तेव्हा एक नवं इंग्रजी पुस्तक आलं होतं आणि त्यातल्या एका पद्धतीच्या मी अक्षरशः प्रेमात होतो. संयुगातल्या प्रत्येक अणूला एक आकडा द्यायचा. त्याला ऑक्सिडीकरण-अंक म्हणतात. ऑक्सिजनचा बहुतेक वेळा उणे दोन, पोटॅशियमचा अधिक एक. सगळ्या आकड्यांची बेरीज शून्य झाली पाहिजे. परमँगनेटमध्ये ऑक्सिजन चार, म्हणजे उणे आठ. पोटॅशियमचा अधिक एक. तेव्हा उरलेल्या एकट्या मँगनीजकडे अधिक सात येतात. जांभळा रंग या साताचा. ते तपकिरी झालं की त्यात एका मँगनीजला दोनच ऑक्सिजन असतात, म्हणजे त्याचा अंक चार. सातावरून चारावर आला, म्हणजे कुणीतरी त्याला तीन इलेक्ट्रॉन दिले; घंगाळात ते पाकळ्यांनी दिले. घेणाऱ्याचं क्षपण, देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण. दोन्ही एकाच वेळी घडतात, कारण घेणारा असेल तिथं देणारा असायलाच हवा. अशा देवघेवीला रेडॉक्स म्हणतात.

या पद्धतीचं मला आवडलेलं मर्म वेगळंच होतं. चुनखडीवर लिंबू पिळा, फसफस होते, फेस उतू जातो. आकडे मांडून बघा, एकाचाही बदललेला नसतो. हळदीत चुना कालवा, पिवळ्याचं लालभडक कुंकू होतं. तिथंही कुणाचा आकडा हलत नाही. आणि परसात पडलेला खिळा, ज्याच्याकडे कुणाचं लक्षही नाही, तो गंजत असताना शून्यावरून तिनावर गेलेला असतो. गाजावाजा हा पुरावा नाही, हे मला रसायनानं शिकवलं. संस्थानी गावातला समारंभ बघताना त्याचा उपयोग झाला. पुढं कुंडलच्या अलीकडच्या एका गावात मात्र मी स्वतःच कारभारी साहेब झालो, ते सांगण्यासाठी हे सगळं लिहितो आहे.

त्या गावात रंगाऱ्यांची गल्ली होती. रंगारी खरं तर एकच उरला होता, दस्तगीर. पन्नाशीचा, सडपातळ, कोपरापर्यंत निळा. गल्ली त्याला दस्तूचाचा म्हणे. लुगड्यांचं सूत रंगवून तो साळ्यांना देई. अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले दोन रांजण होते, एक थोरला आणि एक धाकटा, दोन्हींत नीळ. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना आणि गूळ घालून तिला आंबवावी लागते, मग ती आपला निळेपणा टाकते आणि पाणी हिरवट पिवळं होतं. रंगारी याला 'नीळ मारणं' म्हणतात. थोरला रांजण दस्तगीरच्या बापानं लावला होता. रोज थोडा गूळ, थोडा चुना देऊन तो तीस वर्षं जिवंत ठेवला होता, कधीही पूर्ण रिकामा केला नव्हता. गल्लीची पिण्याची विहीर या अंगणापासून वीस पावलांवर.

आम्ही गेलो तेव्हा विहिरीत कमरेएवढं पाणी होतं. बोर्डाच्या हुकुमावरून गल्लीनं चार दिवस आधी त्यात टोपलीभर चुना टाकला होता. मी औषध सोडलं. आभाळ गुलाबी झालं. मग मध्येच क्षणभर ते हिरवं दिसलं. कपारीतल्या नेच्यांची सावली असेल, असं मी मनाला सांगितलं. चौदाव्या मिनिटाला पाणी तपकिरी झालं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

इन्स्पेक्टर साहेबांनी घड्याळ मिटलं. "हे अंगण कुणाचं?"

मी कुंपणावरून आत बघितलं. रांजण होते, आणि पडवीत हिराकसचं अर्धं पोतं होतं. काळ्या रंगासाठी रंगारी हिराकस वापरतात. ती लोखंडाचा एक क्षार, आणि तिच्यातलं लोखंड दोनावर असतं. ते तिनावर जायला टपलेलंच असतं. माझ्या डोक्यात आकडे आपोआप मांडले गेले. मँगनीज सातावरून चारावर, तीन खाली. लोखंड दोनावरून तिनावर, एक वर. म्हणजे एका मँगनीजला तीन लोखंडं. इतकं चपखल की मला हसू आलं. मी साहेबांना कुंपणाजवळच काडीनं मातीत ते गणित काढून दाखवलं. हिराकसचं पाणी झिरपून विहिरीत उतरतं आहे आणि तेच औषधाला खातं आहे, असं सांगितलं.

"लिहून द्याल?"

मी लिहून दिलं. सुवाच्य अक्षरात, खाली सही आणि पदवी.

गल्लीला दुसरं पाणी नव्हतं म्हणून काटे लगेच पडले नाहीत; हुकूम तोंडीच झाला. आठ दिवसांत रांजण मातीनं भरायचे आणि हिराकस हलवायची, नाहीतर विहिरीवर काटे. दस्तगीर डोकं खाली घालून ऐकत होता. साहेब पुढं गेल्यावर त्यानं मला थांबवलं.

"मास्तर, गल्लीची पोरं ह्येच पानी पित्यात. तुमाला खातरी हाय न्हवं?"

मी म्हणालो, "आकडे खोटं बोलत नाहीत, चाचा."

हे वाक्य मला आजही कधीकधी दुपारच्या झोपेत ऐकू येतं, आणि माझ्याच आवाजात.

चौथ्या दिवशी दुसऱ्या विहिरी करून मी त्याच वाटेनं परतत होतो. कुंपणातून बघितलं तर थोरल्या रांजणाच्या जागी ओल्या मातीचा गोल होता. दस्तगीर ओट्यावर बसला होता. मला म्हणाला, "या मास्तर, बसा. तुमाला एक गंमत दावतो."

त्यानं दोन मातीच्या वाट्या पुढं ओढल्या. एकीत साधं पाणी, त्यात हिराकसची कणभर पूड. दुसरीत विहिरीचं पाणी. दोन्हींत त्यानं हिरड्याचा काढा चमचाभर टाकला. पहिली वाटी डोळ्यांदेखत काळी झाली, शाईसारखी. दुसरी फिक्या चहाइतकी पिवळसर झाली आणि तशीच राहिली.

"हिराकस नखभर जरी असती, तरी हिरड्यानं पानी काळंठिक्कर केलं असतं. आमच्या धंद्यात ही चोरी लपत न्हाई."

मी त्या पिवळसर वाटीकडं बघत राहिलो. शेवटी विचारलं, "मग चाचा, आधी हे बघून मग रांजण का नाही भरलात?"

"तुमी लिवून दिलं हुतं," तो साधेपणानं म्हणाला. "शिकल्यालं मानूस लिवून देतंय म्हनल्यावर त्याच सांजला आदी खड्डा भरला. इचार मागनं आला. पोरं पानी पित्यात ना गड्या." मग म्हणाला, "धाकटा भराया हात उचलंना झाला, म्हनून हिरडा काडला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"आनि एक सांगा," तो म्हणाला. "त्या दिशी मधी हिरवा रंग आला हुता का न्हाई? मी तुमच्या मागं हुभा हुतो."

"आला होता. सावली असेल."

"सावली कशाची! नीळ मारताना आमी मधलाच रंग बगतो. सुरवातीचा आन शेवटचा कुनीबी बगतं. मधला रंग खरं सांगतो."

आणि मग मला ती विहीर पुन्हा दिसली. गुलाबी, क्षणभर हिरवी, मग तपकिरी. सात आणि चाराच्या मध्ये एक सहा असतो. सहावरचं मँगनीज हिरवं असतं. हे मी मुलांना दर वर्षी दाखवत असे. चुन्याच्याच जातीचं, कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि साखर, त्यात परमँगनेटचा कण. जांभळं, हिरवं, तपकिरी. मुलांना फार आवडे. हिराकसशी गाठ पडली असती तर ते असं टप्प्याटप्प्यानं हिरवं होत उतरलं नसतं. विहिरीत चुना होता, तो सगळ्यांना ठाऊक होता. साखर कुठून आली? आणि मला चांदीचं घंगाळ आठवलं, त्यातल्या पाकळ्या आठवल्या. आकड्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की देवघेव झाली. देणारा कोण, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते नाव मी माझ्या पदरचं घातलं होतं.

"चाचा, या विहिरीत कुणी काही सोडतं का?"

दस्तगीर बोलायच्या आत कुंपणापलीकडं डाळ निवडत बसलेल्या म्हातारीचा हात सुपात थांबला. ती आन्साआत्ती. गल्लीतली सगळ्यांत वडील बाई, सगळ्यांचीच आत्ती.

"दस्तू," ती हळूच म्हणाली, "मला धरून न्हेतील काय रं?"

"कशापाई, आत्ते?"

"मी गूळ सोडला. तुमी यायच्या आदी, सकाळच्या पारी. पाच घरचा मिळून दोन शेर." मग माझ्याकडं वळून एकदम तावातावानं म्हणाली, "आवं, हिरीत साती आसरा ऱ्हात्यात, पान्याच्या देवी. त्यांच्या तोंडात तुमी कडू औशिद घालनार, तर आदी गोड नको? लेकराला काडा पाजताना आपून गुळाचा खडा देतो का न्हाई?"

दस्तगीरनं आत्तीकडं बघितलं आणि त्या ओल्या मातीच्या गोलाकडं. मग तो हसू लागला. पहिल्यांदा नुसते खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. ते कोणतं पाणी होतं हे मी बघितलं नाही.

"आत्ते, तुज्या गुळानं माज्या बाचा रांजन खाल्ला की गं!"

आत्तीला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं, कुंपण ओलांडून आली आणि त्या ओल्या मातीच्या गोलाशेजारी खाली बसली.

धाकटा रांजण आणि विहीर वाचवायला चार दिवस उरले होते. मी इन्स्पेक्टर साहेबांना गाठलं. ते म्हणाले, "अहो मास्तर, कागद वर गेला. लिहिलेलं असं फिरवता येत नाही."

"मग आणखी एक लिहितो," मी म्हणालो, आणि लिहिलं. माझं अनुमान चुकलं, विहिरीत हिराकस नाही, फेरतपासणी व्हावी. हा कागद लिहायला पहिल्यापेक्षा फार वेळ लागला आणि अक्षरही तितकं चांगलं आलं नाही. साहेबांनी तो दोनदा वाचला. "पदवी लिहायची राहिली," एवढंच म्हणाले, आणि यायचं कबूल केलं.

दोन दिवस गल्लीनं विहीर उपसली. बायका, म्हातारे, साळ्यांची घरं, सगळे मोटेच्या दोराला लागले. नवं पाणी झऱ्यातून भरलं. आत्तीनं गूळ आणला होताच. दस्तगीरनं तिला समजावलं, "आसरांना आज काठावर वाड. वर यून खात्याल." तिला ते पटलं. तिनं काठावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, गूळ ठेवला आणि जरा दूर जाऊन बसली.

मी खडे सोडले. पाणी गुलाबी झालं. साहेबांनी घड्याळ उघडलं.

अर्धा तास किती मोठा असतो हे ज्याला जाणून घ्यायचं असेल त्यानं अशा विहिरीवर उभं राहावं. काठावरच्या गुळाला मुंग्या लागल्या. कबुतर एक फेरी मारून परत कपारीत बसलं. दस्तगीर विहिरीत बघतच नव्हता. त्याचं तोंड आपल्या अंगणाकडं होतं. मी एकटाच तळाकडं बघत होतो, हिरवा येतो का. चौदावं मिनिट आलं आणि गेलं. वीस. पंचवीस. खालचं आभाळ गुलाबीच होतं, इतकं शांत गुलाबी की मला वाटलं, या पाण्याला आपण काय काय म्हणालो हे ते विसरून गेलं आहे.

"तीस," साहेब म्हणाले, आणि घड्याळ मिटलं.

आत्तीनं मोठ्यानं नाक ओढलं. बाकी गाजावाजा काही झाला नाही.

कॉलेज उघडायच्या आधी एकदा मी मुद्दाम तिकडून गेलो. थोरला रांजण दस्तगीरनं पुन्हा उकरला होता, धुतला होता आणि धाकट्यातलं विरजण त्यात लावलं होतं. आत्ती रोज सकाळी आपल्या घरचा गूळ आणून देत होती, कुणी न सांगता. ज्या गुळानं माझा गुलाबी मारला त्यानंच नीळ मारायची होती.

आत्तीनं माझी बोटं बघितली. दोन महिन्यांच्या औषधानं ती तपकिरी झाली होती, साबणाला दाद देत नव्हती. तिनं घरातून लिंबू आणलं आणि माझी बोटं धरून त्यांवर चोळलं, जसं लहान मुलाला चोळावं. डाग वितळल्यासारखे गेले. चारावरचं मँगनीज दोनावर गेलं की त्याला रंग उरत नाही. मी आकडा मनात मांडला आणि या वेळी तोंडातून काढला नाही.

दस्तगीरनं सुताची एक लड पुन्हा लावलेल्या थोरल्या रांजणात बुडवली. झाकण ठेवलं. आम्ही बसून राहिलो. ऊन शेवग्याच्या पानांतून हलत होतं. मग त्यानं लड वर काढली. ती पिवळसर हिरवी होती, कोवळ्या उसाच्या पात्यासारखी. हवा लागली आणि ती हळूहळू, कडेकडून आत, निळी होऊ लागली. हवेतला ऑक्सिजन निळीकडून आपलं घेत होता. हे मी शंभर वेळा वाचलं होतं, पण बघितलं पहिल्यांदाच.

दस्तगीरनं लड उन्हात उलटीसुलटी करून बघितली.

मी विचारलं, "जमला का रंग, चाचा?"

"बाचा निळा न्हाई ह्यो, मास्तर," तो म्हणाला. मग ती लड त्यानं वळणीवर नीट पसरून टाकली. "पर निळा हाय."